जुनी जुळी नाव पुन्हा पाण्यावर



‘मोहगावात समुद्र कुठे आहे?’ असे तुम्ही विचारणार, हे धरूनच आम्ही हा पाठ लिहायला घेतला. आपण सातपुड्याच्या कुशीतली माणसे. कापूस, संत्रा, ज्वारी आपल्या ओळखीची; शिडाची नाव मात्र बहुतेकांनी चित्रातच पाहिलेली. पण आपल्या भागातले पाणी समुद्राला जातेच. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. भारताच्या त्याच पूर्व किनाऱ्याने जगाला ‘कॅटामरान’ हा शब्द दिला. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

या पाठात आपण तीन गोष्टी शिकणार आहोत : जुळी नाव उलटत का नाही, जुनी नाव दुरुस्त कशी करतात आणि तिची डोलकाठी उभी करताना कोणती चूक जिवावर बेतते. तिसरी गोष्ट पालकांनी मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावी, ही विनंती.

शब्दाची गोष्ट

तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. दोन-चार ओंडके काथ्याच्या दोरीने एकत्र बांधून केलेला कोळ्यांचा तराफा म्हणजे कट्टुमरम. सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने या तराफ्यांचे वर्णन लिहिले आणि शब्द इंग्रजीत गेला. पुढे दोन समान होड्या शेजारी जोडून केलेल्या नावेलाच तो चिकटला. अशा जोडनावा खरे तर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांनी फार पूर्वीपासून बांधल्या होत्या. म्हणजे नाव तमिळ आणि नौका पॅसिफिकची.

आपल्या मराठी मुलखातही याच्या जवळचा एक प्रकार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, आडव्या दांड्यांनी एक लाकडी ओंडका बांधतात. त्याला ‘उलांडी’ म्हणतात. होडी एकीकडे कलली की उलांडी तिला सावरते. एका बाजूच्या ओंडक्याऐवजी दुसरी तशीच होडी जोडली की झाली जुळी नाव.

सन १८७६ मध्ये नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पीने ‘अमेरिलिस’ नावाची जुळी नाव शर्यतीत उतरवली. ती इतकी वेगवान निघाली, की पुढे अशा नावांना नेहमीच्या शर्यतींत मज्जाव झाला. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील हॉबी आल्टर यांनी वाळूवरून ढकलून थेट लाटांत नेता येईल अशी हलकी नाव काढली. आधी हॉबी १४ आणि मग हॉबी १६. जगभरच्या किनाऱ्यांवर जुन्या नावा दुरुस्त करून वापरतात, त्यांत ही हॉबी १६ फार आढळते. म्हणून उदाहरणाला आपण तीच घेऊ.

नावेचे भाग

हॉबी १६ सुमारे ५.०५ मीटर लांब आणि २.४१ मीटर रुंद असते. वजन सुमारे १४५ किलो. तिच्या दोन अरुंद पोकळ होड्यांना ‘हल’ म्हणतात. (हिंदीतला ‘हल’ म्हणजे नांगर, तो हा नव्हे.) हल काचतंतू म्हणजे फायबरग्लासचे असतात. त्यांना जोडणारी चौकट ॲल्युमिनियमची. चौकटीत खाटेच्या सुतळीसारखे ताणून बांधलेले कापड असते. त्यावर माणसे बसतात. मागे दोन सुकाणू. मध्ये आठ मीटरहून थोडी उंच ॲल्युमिनियमची डोलकाठी. तिला एक मोठे आणि एक लहान अशी दोन शिडे. डोलकाठीला तीन बाजूंनी पोलादी तारांचे ताण असतात, एक पुढून आणि दोन बाजूंनी. विजेच्या खांबाला ताण असतो, तसेच हे.

ती उलटत का नाही?

सी-सॉचा नियम आठवा : वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर. वारा शिडाला ढकलतो आणि नाव एका हलवर कलू लागते. तो खालचा हल म्हणजे आपला टेकू. नावेचे वजन मधोमध, म्हणजे टेकूपासून सुमारे १.२ मीटरवर : १४५ × १.२ = १७४. आता ६५ किलोची दोन माणसे वरच्या हलच्या कडेला जाऊन बसली, तर १३० × २.४ = ३१२. बेरीज ४८६. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नावेला तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा माणसांच्या बसण्याच्या जागेचा आधार जास्त आहे. दोघे चुकीच्या बाजूला बसले, तर हाच हिशेब उलटा होतो.

आर्किमिडीजचा नियमही इथेच पडताळा. नाव आणि माणसे मिळून २७५ किलो. म्हणजे तरंगण्यासाठी तिला २७५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. हलमध्ये छिद्रातून पाणी शिरले, तर प्रत्येक लिटरमागे एक किलो ओझे वाढते. दुरुस्तीची सुरुवात हलपासून का करायची, ते यावरून कळेल.

दुरुस्ती : आधी तपासणी, मग खर्च

बाजारात संत्रा घेताना आई तो दाबून पाहते. साल फुगून आत पोकळी झालेला संत्रा हाताला लगेच कळतो. हलचेही तसेच. तळव्याने दाबत आणि नाण्याने टिचकी मारत संपूर्ण हल तपासायचा. टणक जागी आवाज खणखणीत येतो. आतले थर सुटलेले असतील तिथे आवाज बसका येतो आणि पृष्ठभाग दबतो. ती जागा खडूने गोल करून ठेवायची. डोलकाठीच्या पुढचा, माणसांच्या वावराचा वरचा भाग विशेष लक्ष देऊन पाहायचा. मऊ जागा फार पसरली असेल, तर ती नाव सोडून देणेच शहाणपणाचे.

गळती शोधायची रीत सायकलच्या पंक्चरवाल्याची. हलच्या मागच्या टोकाला पाणी काढायचे छिद्र असते. त्यातून हळू हवा भरायची आणि बाहेरून साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे, तिथे फट. मात्र हवा तोंडाने किंवा तितक्याच हलक्या दाबाने भरायची. कॉम्प्रेसर लावला तर हल उकलतो.

फट बुजवताना घाई चालत नाही. आधी ती जागा पूर्ण वाळवायची. मग कडा पॉलिश पेपरने उतरत्या घासायच्या. काचतंतूचे कापड इपॉक्सीत भिजवून एकावर एक थर लावायचे आणि पूर्ण कडक होऊ द्यायचे. वर रंगाचा थर सगळ्यांत शेवटी. काचतंतूची धूळ फुफ्फुसांना आणि डोळ्यांना घातक असते. म्हणून तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. हे काम मोठ्या माणसांचे.

यानंतर तारा. पोलादी तारेचा एक जरी धागा तुटून वर आला असेल, तरी ती तार बदलायची. तारा किती जुन्या आहेत हे ठाऊक नसेल, तर सगळ्याच बदलायच्या. एक ताण तुटला की अख्खी डोलकाठी माणसांवर येते. ॲल्युमिनियममध्ये पोलादाचे स्क्रू असतील, तिथे खाऱ्या पाण्याने दोन धातूंत बारीक विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते. पांढरी पूड दिसली की तेच समजावे. कापड, शिवण आणि दोऱ्या यांचा शत्रू ऊन. शिवण नखाने ओढून पाहावी. धागा तुटला तर पुन्हा शिवून घ्यावी.

शीडबांधणी

क्रम असा. चौकटीतले कापड दोरीने सर्व बाजूंनी सारखे ताणायचे. डोलकाठी मागच्या बाजूला आडवी ठेवून तिचा बुंधा चौकटीवरच्या खोबणीत खिळीने अडकवायचा. बाजूचे दोन ताण आधीच जोडून घ्यायचे. मग एकाने डोलकाठी खांद्यावर घेऊन उचलायची आणि दुसऱ्याने पुढून दोरी ओढायची. पुढचा ताण पक्का बसेपर्यंत कोणीही हात सोडायचा नाही. प्रत्येक खिळीला कडी आहे ना, हे दुसऱ्या माणसाने पुन्हा पाहायचे. नंतर बुंध्याची खिळी काढायची, कारण ही डोलकाठी वाऱ्याबरोबर थोडी फिरावी लागते. सुकाणू जोडायचे, नावेचे तोंड वाऱ्याकडे करायचे आणि मगच शीड चढवायचे. पाण्यात उतरण्यापूर्वी दोन्ही हलची बुचे लावली का, हे तपासायचे.

वर पाहा!

आता ती तिसरी गोष्ट. डोलकाठी उचलण्याआधीचे पहिले काम म्हणजे मान वर करून पाहणे. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे. किनाऱ्यावर डोलकाठी विजेच्या तारेला लागून परदेशात माणसे दगावली. म्हणून १९८० च्या दशकात हॉबी १६ च्या डोलकाठीचे वरचे टोक वीज न वाहणाऱ्या काचतंतूचे करण्यात आले. तरीही नियम तोच राहिला : वर तार असेल, तर डोलकाठी उभी करायची नाही आणि उभ्या डोलकाठीने नाव तारेखालून ढकलायची नाही.

मोहगावात डोलकाठी नाही. पण बोअरमधून मोटर काढताना उभा केलेला लोखंडी पाइप आहे, बागेतली ॲल्युमिनियमची शिडी आहे, मिरवणुकीतला उंच झेंडा आहे, मांडवाचे खांब आहेत. शेतावरून जाणारी अकरा केव्हीची तार आणि तो पाइप यांचे नाते डोलकाठीसारखेच. तारेला टेकण्याचीही गरज नसते. फार जवळ गेले तरी वीज उडी मारते. आम्हांला हा पाठ लिहावासा वाटला त्याचे खरे कारण हेच. विश्वस्त मंडळींना विनंती, की स्नेहसंमेलनाचा मांडव पडण्यापूर्वी पटांगणावरच्या तारा एकदा पाहाव्यात. मुलांनो, घरी मोठी माणसे पाइप उचलू लागली, तर ‘बाबा, आधी वर पाहा’ असे बिनदिक्कत म्हणा. यात उद्धटपणा नाही.

जुन्याची किंमत

काथ्याने फळ्या शिवून जहाज बांधण्याची आपल्याकडची जुनी विद्या जवळजवळ विस्मरणात गेली होती. ती वापरून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. याच दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. जुनी वस्तू टाकून देण्यापूर्वी दाबून, वाजवून, तपासून पाहावी. दुरुस्त होणारी असेल तर मन लावून करावी आणि नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे. हा धडा नावेपुरता नाही.

घरी करून पाहा

झाकण घट्ट लावलेली एक बाटली टोपलीभर पाण्यात सोडा आणि तिच्यावर काडीचे शीड चिकटवून फुंकर मारा. मग दोन बाटल्या बांबूच्या काड्यांनी वीतभर अंतरावर जोडून तेच करा. काय फरक पडला, ते वहीत लिहा. हा प्रयोग टोपलीतच करायचा. नदीवर किंवा तळ्यावर मोठ्या माणसांशिवाय जायचे नाही.

प्रश्न

१. दोघांचे मिळून वजन ११० किलो असेल, तर वरच्या हिशेबातील बेरीज किती होईल?
२. हलमध्ये २० लिटर पाणी शिरले, तर नावेचे ओझे किती किलोंनी वाढेल?
३. उलांडी आणि जुळी नाव यांत साम्य काय आणि फरक काय?
४. आपल्या घराच्या, शेताच्या आणि शाळेच्या वाटेवर विजेच्या तारा कुठे खाली आल्या आहेत? पालकांबरोबर पाहून यादी करा आणि वर्गशिक्षकांकडे द्या.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण त्याचे उत्तर आम्ही सगळ्यांत आधी वाचणार आहोत.