डब्यावरचा आकडा नेमका कशाचा?

बदलापूर स्टेशनाबाहेर पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन बायका बसतात. उल्हासनगर-अंबरनाथच्या किराणा दुकानांत मात्र बाराही महिने मटार, मका, काबुली हरभरे यांचे सीलबंद डबे फळीवर असतात. संध्याकाळच्या कर्जत लोकलने उभ्याने येऊन थेट ओट्याशी उभ्या राहणाऱ्यांना या डब्यांचा मोठा आधार आहे. त्यांच्यावरचा कॅलरीचा आकडा मात्र अनेकांना दचकवतो. भाजीला एवढ्या कॅलरी कशा? हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. त्याचं उत्तर उलगडून दाखवण्यासाठी तो दोघींच्या तोंडी घातला आहे. एक उल्हासनगरची, आहारशास्त्र शिकवणारी मावशी आणि दुसरी बदलापूरहून रोज मुंबईला नोकरीला जाणारी तिची भाची.

भाची : मावशी, पालकात शंभर ग्रॅममागे पंचवीसेक कॅलरी असतात ना? मग काबुली हरभऱ्याच्या डब्यावर सव्वाशे, मक्याच्या डब्यावर नव्वद आणि सरसोंच्या तयार सागावरही शंभराच्या घरात, हे कसं? एक तर डब्यात भरताना काहीतरी घालत असणार, नाहीतर छापताना चूक झाली असणार.

मावशी : डबाबंद केल्यामुळे कॅलरी वाढत नाहीत, हे आधी मनात पक्कं कर. डबा सील करून त्याला साधारण १२१ अंशांवर तापवतात, ते जंतू मारायला. त्या उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व घटतं, थोडी साखर आणि क्षार पाण्यात उतरतात, पण नवं पिष्ट किंवा तेल तयार होत नाही. आपण दचकतो ते ‘भाजी’ या शब्दामुळे. मराठीत पालकही भाजी, दुधीही भाजी आणि वालाचं बिरडंही पोळीबरोबर खायची भाजीच. इथल्या सिंधी घरांतली साईभाजी बघ. नाव भाजी, रंग पालकाचा, पण तिच्यात हरभऱ्याची डाळ शिजवून घोटलेली असते. तिच्या कॅलरी नुसत्या पालकाएवढ्या असतील असं कुणी सिंधी आजी म्हणणार नाही. काबुली हरभरा हे कडधान्य आहे, मका तृणधान्य आहे. हरभऱ्याच्या दाण्यात पुढच्या रोपासाठी साठवलेलं पिष्ट आणि प्रथिनं असतात, मक्याच्या दाण्यातही तशीच शिदोरी असते. पानात असा साठा नसतो, पान बहुतेक पाणीच. डबा जर फरसबीचा किंवा मश्रूमचा असेल, तर त्यावर आकडा लहानच दिसेल. दुकानदार हे सगळे डबे एका फळीवर मांडतो आणि आपण त्या फळीला ‘भाज्या’ म्हणतो.

भाची : पण मटार तर मटारच ना? दोन डब्यांवर दोन निरनिराळे आकडे असतात, त्याचं काय?

मावशी : मटार दोन तऱ्हेचे असतात. काही डब्यांत शेंगा सोलून काढलेले ओले, कोवळे दाणे असतात. काही डब्यांत वाळलेले हिरवे वाटाणे भिजवून, फुगवून, शिजवून भरलेले असतात. त्यांना ‘प्रोसेस्ड पीज’ म्हणतात आणि अन्नाच्या मानकांत त्यांची वेगळी नोंद आहे. वाळलेला वाटाणा पूर्ण पिकलेला असतो, म्हणून त्यात पिष्ट जास्त. घरी तू हिवाळ्यातल्या मटारची उसळ करतेस आणि सुक्या वाटाण्याचीही करतेस. दुसरी खाल्ल्यावर पोट जड होतं, हे तुला लेबल न वाचताही माहीत आहे. फरक ओळखायचा तर घटकांची यादी वाच. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. सागाच्या डब्याचं कोडंही तिथेच सुटतं, कारण यादीत तेल किंवा तूप सापडतं. एक ग्रॅम तेलाच्या नऊ कॅलरी. शंभर ग्रॅम सागात सहा ग्रॅम तेल घातलं, तरी चोपन्न कॅलरी एकट्या तेलाच्या, म्हणजे पालेभाजीच्या दुपटीहून अधिक. टोमॅटोच्या रसातल्या बीन्स असतील तर तिथे साखर सापडेल.

भाची : यादी वाचेन. पण तो आकडा खरा कशावरून? माझ्याकडे काही प्रयोगशाळा नाही.

मावशी : प्रयोगशाळा लागत नाही, चौथीचं गणित पुरतं. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्न जाळून त्यातली ऊर्जा मोजली, शरीर त्यातलं किती वापरतं हे तपासलं आणि तीन गुणक ठरवले. प्रथिनं चार, कर्बोदकं चार, स्निग्ध पदार्थ नऊ. आजची लेबलं याच गुणकांवर चालतात. समज, एका डब्यावर शंभर ग्रॅममागे प्रथिनं ७ ग्रॅम, कर्बोदकं २२ आणि फॅट अडीच ग्रॅम असं लिहिलंय. २८ अधिक ८८ अधिक साडेबावीस, म्हणजे एकशे साडेअडतीस. छापील आकडा याच्या आसपास असेल तर हिशेब जुळला. फार वेगळा असेल तर शंका घे.

भाची : आणि थोडाच वेगळा असेल तर?

मावशी : मग बहुतेक वेळा तंतूंचा प्रश्न असतो, आणि मला या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टकं प्रमाण मानतात. संस्थेच्या जुन्या, डॉ. गोपालन यांच्या काळच्या कोष्टकात अख्ख्या सुक्या हरभऱ्याला शंभर ग्रॅममागे ३६० कॅलरी होत्या. २०१७ साली त्याच संस्थेने नवी कोष्टकं काढली, त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली. हरभऱ्याला सुमारे १,२०० किलोज्यूल, म्हणजे २८७ कॅलरी. हरभरा इतका बदलला का? मुख्य फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी पाणी, प्रथिनं, स्निग्धांश, राख आणि मोजके तंतू वजा करून जे उरेल ते कर्बोदक धरायचे. नव्या पद्धतीत एकूण तंतू नीट मोजले, तर हरभऱ्यात ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघाले. आतड्याला ते पिष्टासारखे पचवता येत नाहीत. ते पूर्वी बहुतांश पूर्ण चार कॅलरींच्या भावाने मोजले जात होते. तेव्हा कडधान्याच्या डब्यावरचा आकडा थोडा चढा वाटला, तर तंतू कर्बोदकांत धरलेत का, हे बघ.

भाची : म्हणजे लेबलवर भाबडेपणाने विश्वास ठेवायचा? कंपन्या आपल्या सोयीचंच छापणार.

मावशी : सोय बघितली तर कंपनीला आकडा कमी दाखवावासा वाटेल. वाढवून कुणाला काय मिळणार? त्यामुळे चढा आकडा हीच लबाडीची खूण, हे मला पटत नाही. तुझी तक्रार एका जागी मात्र रास्त आहे. आकडा कशाच्या शंभर ग्रॅमचा, हे लेबलवर नेहमी स्पष्ट नसतं. डब्यावर निव्वळ वजन ४०० ग्रॅम असतं आणि ‘ड्रेन्ड वेट’, म्हणजे पाणी निथळल्यावर उरणारा माल, २४० ग्रॅम असतो. पाण्यात भरलेल्या मालावर हे दुसरं वजन लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे. आता शंभर ग्रॅम निथळलेल्या दाण्यांना ११५ कॅलरी असतील, तर अख्ख्या डब्यात २७६ भरतात. तू चारशेने गुणलंस तर ४६० येतील. जवळजवळ दोनशे कॅलरी नुसत्या पाण्याच्या! आणि आकडा पाण्यासकट मोजलेला असेल, तर तोच माल शंभराला सत्तरच दाखवेल. दोन डबे शेजारी ठेवून केलेली तुलना इथेच फसते. आधार छापा, अशी मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

भाची : ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डब्यावर तर तीनशे-चारशे असतात.

मावशी : ते किलोज्यूल. ४.१८ ने भाग, म्हणजे कॅलरी मिळतील.

भाची : मग एकंदरीत हे डबे टाळावेत का?

मावशी : कॅलरीसाठी टाळायचं कारण मला दिसत नाही. भिजवून शिजवलेल्या हरभऱ्यात जेवढ्या कॅलरी, साधारण तेवढ्याच यात. वजन कमी करणाऱ्याने हरभऱ्याचा डबा उघडला तर त्या दिवशी भाताची एक वाटी कमी घ्यावी, कारण हा भाजीऐवजी धान्याच्या वाट्याचा पदार्थ आहे. तू घाबरतेस त्या ओळीच्या खाली सोडियमची ओळ असते, ती क्वचितच कुणी वाचतं. आपल्या २०२०च्या लेबल नियमांनी दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम धरली आहे, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. दाण्यांच्या शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅम असेल तर २४० ग्रॅमच्या डब्यात ७२० होतात, दिवसभराच्या मिठाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. त्यावर आपण फोडणीत पुन्हा मीठ घालतो, वर पापड-लोणचं. तेव्हा डबा उघडलास की ते खारं पाणी ओतून दे, दाणे चाळणीत घेऊन नळाखाली चांगले धू, आणि मीठ चव घेतल्याशिवाय घालू नकोस.