मानसिक ताण आणि शरीरस्वास्थ्य

चितेहून चिंता वाईट, हा अनुभव आपल्या समाजाला पूर्वापार आहे. मात्र चिंता शरीरात नेमके काय घडविते, याचा शास्त्रीय उलगडा विसाव्या शतकात होऊ लागला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भय, भूक व क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९३६ साली माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, आघात थंडीचा असो, जखमेचा असो वा अतिश्रमाचा, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो.

हा प्रतिसाद मुळात संरक्षणासाठी आहे. संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या आदेशाने मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन व त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते आणि पचनासारखी तातडीची नसलेली कामे मंदावतात. शेतात पायाशी साप आलेल्या शेतकऱ्याला हीच योजना वाचविते. साप निघून गेला की थोड्या वेळात शरीर पूर्ववत होते. परंतु कर्जाचा थकलेला हप्ता, रखडलेली विभागीय चौकशी किंवा मुलीच्या लग्नाची विवंचना हे साप असे निघून जात नाहीत. संरक्षणाची यंत्रणा मग महिनोन् महिने चालूच राहते आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्या शरीरालाच झिजविते.

दीर्घकाळच्या ताणाने उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप मोडते, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांची लहानशी जखम भरून येण्यास सरासरी ९ दिवस अधिक लागले. मनावरील परिणाम प्रथम वर्तनात दिसतात. चिडचिड, विस्मरण, साधा निर्णयही लांबणीवर टाकणे, माणसांत मिसळणे टाळणे, तंबाखू वा मद्याचा वाढता आधार. आणि यांतूनच पुढे काहींना नैराश्याचा आजार जडतो.

येथे एक सावधगिरीही हवी. जठरव्रण हा काळजीचाच रोग, असे वैद्यकातही दीर्घकाळ मानले जात असे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यामागे बहुधा एक जीवाणू असतो हे सिद्ध केले व त्यासाठी २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून प्रत्येक दुखणे ताणावर ढकलून तपासणी टाळणे घातकच होय.

ताण कोणाला अधिक?

जबाबदारी जितकी मोठी तितका ताण अधिक आणि हृदयविकार हा वरिष्ठांचा रोग, असा समज कचेऱ्यांतून रूढ आहे. लंडनमधील ब्रिटिश शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाहणीने तो खोटा ठरविला. ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखली जाणारी ही पाहणी १९६७ साली सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांवर सुरू झाली. शिपाई, द्वारपाल आदी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. खालच्या श्रेणीत धूम्रपान अधिक होते हे खरे. पण ते व रक्तदाब जमेस धरूनही तफावतीचा मोठा भाग उरलाच. एका कार्यालयात, एकाच शासनाच्या नोकरीत असलेल्या माणसांत ही पायरीपायरीने वाढणारी तफावत होती!

१९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. आपले काम कसे व केव्हा करावयाचे हे ठरविण्याची मुभा ज्यांना अल्प होती, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे कामाच्या ओझ्याइतकेच महत्त्व त्या कामावरील स्वतःच्या ताब्याला आहे.

हा निष्कर्ष प्रशासनाने मनावर घेण्याजोगा आहे. कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग भरविणे चांगलेच. परंतु सायंकाळी पाच वाजता ‘माहिती आजच हवी’ असा निरोप धाडण्याची रीत तशीच राहिली तर सकाळच्या प्राणायामाने फारसे साधणार नाही. कामाची पूर्वसूचना देणे, क्रम ठरविताना कनिष्ठाचे मत विचारणे, यांस खर्च पडत नाही. अर्जदाराचेही तसेच आहे. नकार एक वेळ सोसतो. अर्जाचे काय झाले हेच न कळता घातलेले हेलपाटे अधिक जाचतात. शाळेत, केव्हा व कशासाठी शिक्षा होईल याचा अंदाज नसलेले मूल सतत धास्तावलेले राहते आणि धास्तावलेल्या मुलाचे पाठांतर टिकत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

उपचाराची सोय

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो मराठीतूनही मिळतो. झोप, भूक व कामातील लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी येऊ लागली, तर विलंब न करता या सेवेची वा डॉक्टरांची मदत घ्यावी.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ची एक तरतूद पंचायत सदस्यांनी गावात आवर्जून सांगावी अशी आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न दडवितात व उपचार राहून जातात. या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. त्या प्रयत्नाबद्दल तिला शिक्षा होत नाही, उलट तिची देखभाल, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते.