मोजक्या उत्तरांचे रकाने

पोरी, मामाच्या वैरागच्या दुकानाचा हिशेब डेटाबेसात घेतेयस, बरं केलंस. माल कोणता, जिल्हा कोणता, कर किती, अशी जिथं मोजकीच उत्तरं चालतात तिथंच पुढं घोळ होतो. तेवढं ऐक, मग चहा घे.

१. अशा रकान्यात हातानं लिहायची मोकळीक देऊ नकोस — ज्वारी, जवारी, जोंधळा असं तिघं लिहितील आणि बेरीज लागणार नाही. मोकळा रकाना, दहा बहाणे.

२. यादीचं वेगळं टेबल कर, नोंदीत नुसता कोड ठेव, दोन्ही फॉरेन कीनं बांध — शेजारचं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं, तसं काही झालं तर एकच ओळ बदलावी लागते. कोड मात्र नावातून काढू नकोस. 'उस्मा' लिहून ठेवशील तर नाव बदललं तरी कोड तिथंच.

३. एनम, म्हणजे रकान्याच्या प्रकारातच बांधलेली यादी, वाईट नाही, पण 'आवक-जावक' असलं न हलणारंच त्यात घाल — पोस्टग्रेसमध्ये नवा पर्याय जोडता येतो, दहाव्या आवृत्तीपासून नावही बदलता येतं, पण काढून टाकायचा सरळ हुकूम नाही. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असला तर भलताच पर्याय रिकामा होऊन गुपचूप आत बसतो.

४. चेक, म्हणजे रकान्यावरची अट, लावलास तर नॉट नलही लाव — नलला चेक अडवत नाही. आणि ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल चेक ऐकून घेतं, पाळत नाही. घरातल्या काही मंडळींसारखं, नावं घेत नाही.

५. जुना पर्याय पुसू नकोस, 'चालू आहे का' असा रकाना ठेवून बंद कर — ठिबकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला, पण आदल्या दिवशीचं बिल १२ चंच राहणार. पर्याय पुसला, हिशेब फसला.

६. दोनच पर्याय दिसतात म्हणून लगेच हो-नाही करू नकोस — 'ग्रामपंचायत आहे का' एवढंच विचारलंस, तर नगरपंचायत झालेलं आपलं वैराग थेट पुण्या-मुंबईच्या पंक्तीला जाऊन बसेल!

७. 'इतर' ठेव, पण महिन्याला त्यात डोकाव — सगळ्यांचा आळस तिथं साठतो.

आणि टेबलं बांधण्याआधी यादी दिवाणजींना वाचून दाखव. मालाची नावं त्यांना तुझ्याहून जास्त ठाऊक आहेत.