आधी काळी वायर

पोरी,

काल फोनवर तू रडवेल्या आवाजात म्हणालीस, “आत्या, बोर्ड मेलं.” मी विचारलं, दिवा लागतोय का? म्हणालीस, लागतोय. मग मेलं कशावरून? तर म्हणे, नेटवर्कवर दिसत नाही. भोसरीच्या टेस्टिंग बेंचवर इतकी वर्षं काढली, तिथे हेच वाक्य मी किती नव्या पोरापोरींच्या तोंडून ऐकलं असेल! त्यातली बरीचशी बोर्डं धडधाकट होती. कुणी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, एवढंच. फोनवर हे सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. कागद बोर्डाशेजारी ठेव आणि वाचत वाचत कर.

तुला कॉलेजात बीगलबोन ब्लॅक मिळालंय, हे चांगलं झालं. २०१३ साली आलेलं बोर्ड आहे, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स घराण्यातली चिप. आज त्याहून वेगवान बोर्डं पुष्कळ आहेत, पण याचं सगळं सर्किट खुलं आहे. कुठली पिन कुठे जाते ते छापून भिंतीला लावता येतं. शिकणाऱ्याला वेगापेक्षा ते जास्त कामाचं.

सुरुवात टेबलापासून. स्टीलच्या टेबलावर बोर्ड ठेवून वीज देऊ नकोस, पोटाखाली सोल्डरची टोकं उघडी असतात. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतं तिच्यावरही नको. अंगावरची स्थिर वीज वाहून जावी म्हणून ती पिशवी मुळातच थोडी वाहक केलेली असते. पुष्कळांना ती सुरक्षित गादी वाटते. बोर्ड बंद असताना तिच्यात ठेवायचं, चालू असताना लाकडी पाटावर किंवा कोरड्या पुठ्ठ्यावर.

आता अडॅप्टर. घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरचं टोक या बोर्डाच्या गोल जॅकमध्ये चपखल बसतं, दोन्हींचं माप ५.५ बाय २.१ मिलिमीटर. पण राउटरचा अडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो आणि बोर्डाला हवेत ५. बसतंय म्हणून लावायचं नाही. लेबल वाच: ५ व्होल्ट, निदान १ अँपिअर, आणि मधलं टोक पॉझिटिव्ह असल्याचं चिन्ह. मग लेबलावरही न थांबता मीटर लाव. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा गेला तर तो अडॅप्टर बाजूला ठेव. वापरायचा अडॅप्टर एकदा ठरला की त्यावर कागदी पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात ५ लिहून टाक. होस्टेलच्या खोलीत चार जणींचे अडॅप्टर एकाच खोक्यात पडतात, आणि रात्री दोन वाजता कुणी लेबल वाचत नाही.

रिकाम्या अडॅप्टरवर मोजलेलं व्होल्टेज मात्र अर्धंच खरं. बोर्ड करंट ओढायला लागलं की वायर आपला वाटा खाते. स्वस्त केबलीत २८ गेजची बारीक वायर असते, तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. मीटरभर केबल म्हणजे जायची वायर आणि यायची वायर, मिळून ०.४२. बोर्ड आणि त्याला जोडलेल्या वस्तूंनी १ अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट वायरीतच गेले, बोर्डाला पोचले ४.५८. रास्पबेरी पाय ४.६३ च्या खाली आलं की पडद्यावर विजेचं चिन्ह दाखवून तक्रार तरी करतं. तुझं बोर्ड तसं काही सांगणार नाही. ते मध्येच अडकेल, आपोआप रिसेट होईल, आणि तू आठवडाभर स्वतःच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसशील.

म्हणून बोर्ड चालू असताना बोर्डावरच मोजायचं. पी९ कनेक्टरवर पहिली पिन ग्राउंड, तिसरी ३.३ व्होल्ट, सातवी ५ व्होल्ट. पण मीटरचं टोक थेट पिनेवर टेकवू नकोस. तिसरी, पाचवी, सातवी या एकाच रांगेत शेजारी शेजारी आहेत. हात घसरला आणि ३.३ ची पिन ५ व्होल्टच्या पिनेला भिडली, तर मग खरंच रडायची वेळ येईल. बोर्ड बंद असताना दोन जम्पर वायर हव्या त्या भोकांत खोच, त्यांची दुसरी टोकं एकमेकींपासून लांब ठेव, मीटरच्या क्लिपा तिथे लाव आणि मग वीज दे. दोन मिनिटं जास्त जातात.

लॅपटॉपच्या यूएसबीवरून चालवायचं तर नुसतं बोर्ड चालतं. मात्र तो पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशेबाचा असतो. कॅमेरा किंवा वायफायचा डोंगल लावायचा असेल तर अडॅप्टरच घे.

आता ते, ज्यासाठी मी लिहायला बसले. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगावरून हात फिरवला की कधी कधी झिणझिण्या येतात, अनुभव घेतला असशील. चार्जरच्या आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मेन्सची किंचित गळती बाहेरच्या बाजूला येते. करंट अगदी थोडा, पण मोकळं असताना व्होल्टेज शंभराच्या घरात जाऊ शकतं. नीट अर्थिंग असलं तर ती जमिनीत जाते. पण आपल्याकडे सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणजे मागे अर्थिंगची वायर असेलच, याची खात्री नाही. तिकडे बोर्डाचा दोन पिनांचा अडॅप्टर, तोही असाच अधांतरी. अशी दोन यंत्रं पहिल्यांदा एकमेकांना शिवतात तेव्हा त्यांच्यातला फरक त्या पहिल्या स्पर्शातून निघून जातो. तो स्पर्श ग्राउंडचा असला तर कुणाला कळतही नाही. सिग्नलच्या पिनेचा असला तर तो फरक चिपच्या पोटातून जातो.

तेव्हा जोडताना आधी काळी वायर, आणि काढताना काळी सर्वांत शेवटी. सेन्सर असो, मोटरचा ड्रायव्हर असो, बोर्डाचं बोलणं लॅपटॉपवर आणणारी सिरियलची केबल असो, क्रम बदलायचा नाही. जोडाजोडीच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवलास तर आणखी उत्तम. क्रमाइतकंच व्होल्टेजही सांभाळायचं. माझ्या पहिल्या वर्षी, आमच्याच कारखान्यात बनलेल्या एका बोर्डावर मी ५ व्होल्टचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर ३.३ च्या पिनेला लावला. धूर नाही, वास नाही. त्यानंतर ते बोर्ड पडद्यावर सगळं लिहून दाखवायचं, पण मी टाइप केलेलं एक अक्षर त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. बोलणारं आणि ऐकू न येणारं. ते बोर्ड मी पुष्कळ दिवस बेंचच्या खणात ठेवलं होतं.

कन्व्हर्टर घेताना ३.३ व्होल्टचाच घ्यायचा, हे त्यातून शीक. जुन्या कॉम्प्युटरचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट तर जवळही आणू नकोस, तिथे व्होल्टेज उणे-अधिक १२ पर्यंत जातं. एफटीडीआय कंपनीच्या ३.३ व्होल्टच्या सिरियल केबलीतसुद्धा लाल वायर ५ व्होल्टचीच असते. ३.३ हा आकडा फक्त सिग्नलच्या वायरींचा. सुट्या जम्परनी जोडताना लाल वायर जोडायचीच नाही.

तुझ्या बोर्डावर सिरियलच्या सहा पिना एका ओळीत आहेत. ज्या टोकाला पांढरा ठिपका आहे ती पहिली, ग्राउंड. चौथ्या पिनेवर बोर्ड ऐकतं, पाचव्या पिनेवर बोलतं. एफटीडीआयची सहा भोकांची केबल काळी बाजू ठिपक्याकडे करून सरळ बसते: नारिंगी चौथीवर, पिवळी पाचवीवर. सुट्या वायरींनी जोडणार असशील तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, म्हणजे केबलीचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला. उलटसुलट झाली तर सहसा काही जळत नाही, नुसती शांतता मिळते. अदलाबदल करून बघ.

बोर्डाला हात लावण्याआधी केबल तपास. तिची नारिंगी आणि पिवळी वायर एकमेकींना जोड, लॅपटॉपवर टर्मिनल उघड आणि काहीतरी टाइप कर. तेच अक्षर पडद्यावर परत आलं तर केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट तिन्ही ठीक. ही एक तपासणी करून घेतलीस की पुढे संशय घ्यायला फक्त बोर्ड उरतं. लिनक्सवर ‘स्क्रीन’ पुरतो, पोर्टचं नाव बहुधा टीटीवाय-यूएसबी-शून्य. परवानगी नाही असं म्हणाला तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाल आणि लॉगआउट करून परत ये. विंडोजवर पुटी. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मिनिकॉम वापरणार असशील तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद कर. ते चालू राहिलं की बोर्डाची अक्षरं दिसतात पण तुझी जात नाहीत. चांगली बोर्डं ‘बहिरी’ ठरवून बाजूला पडलेली मी पाहिली आहेत, केवळ त्या एका खुणेमुळे.

आधी केबल, मग टर्मिनल, आणि वीज शेवटी. बोर्डाचे पहिले शब्द पहिल्या सेकंदात येतात, उशिरा गेलीस तर ते निसटतात. केबल आधी लावायची ही सूट मात्र या सहा पिनांपुरतीच, तिथे मध्ये बफर चिप आहे. पी८ आणि पी९ च्या पिनांना बोर्ड बंद असताना बाहेरून व्होल्टेज द्यायचं नाही. सेन्सरला वेगळा पुरवठा असेल तर तो बोर्डानंतर चालू करायचा आणि बोर्डाच्या आधी बंद करायचा.

मग ऐक. पडद्यावर कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय. यू-बूटचं नाव दिसलं, कर्नल सुरू होतोय असं म्हणालं आणि तिथेच थांबलं, तर वीज ठीक आहे आणि आतली मेमरी किंवा मेमरी कार्ड वाचणं जमलंय, बिघाड पुढे आहे. शेवटची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घे. आणि नुसतं सी सी सी सी असं अक्षर येत राहिलं, तर घाबरू नकोस. चिपच्या आत कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम आतली मेमरी बघतो, कार्ड बघतो, दोन्हीकडे काही सापडलं नाही की सिरियलवर येऊन ‘इथून तरी काहीतरी पाठवा’ म्हणून ‘सी’, ‘सी’ अशी हाक मारत बसतो. कोल्ड स्टोरेजमधून परत आलेलं एक यंत्र असंच तीन दिवस ‘डेड’ अशी चिठ्ठी लावून पडलं होतं. आत याच घराण्यातली चिप. सिरियल लावली तर सी सी सी. ओलाव्याने कार्डाचे संपर्क काळे पडले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, वाळू दिले, आणि यंत्र चालू झालं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नेटवर्क बघितलं होतं, सिरियल नाही.

सिरियल लावायच्या आधी दिवे वाच. चार निळ्या दिव्यांतला पहिला हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदा दोनदा लुकलुकत असेल तर कर्नल जिवंत आहे. तू पाठवलेल्या फोटोत नुसता पॉवरचा दिवा होता, निळा एकही नाही. म्हणून मला वाटतं तुझ्या बोर्डाला सुरू व्हायला काही सापडतच नाहीये. कार्डावरून चालवायचं असेल तर कार्डाच्या खाचेजवळचं बटण दाबून धर, दाबलेलं असतानाच वीज जोड, निळे दिवे लागले की सोड. चालू बोर्डावर ते बटण दाबून रिसेट मारल्याने काम होत नाही. कुठून सुरू व्हायचं ते चिप वीज येते त्या क्षणीच ठरवते.

नेटवर्कचं थोडक्यात. छोट्या यूएसबी केबलने जोडल्यावर बोर्ड १९२.१६८.७.२ या पत्त्यावर भेटतं, मॅकवर १९२.१६८.६.२. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदल, कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायरीच नसतात. कार्ड नव्याने लिहिलंस की एसएसएच ओरडेल की हे यंत्र ओळखीचं नाही. बरोबर आहे, नव्या इमेजने नवी किल्ली बनवली. जुनी नोंद पुसून टाक. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदल, मूळचा सगळ्या जगाला माहीत आहे. आणि घड्याळ बघ. या बोर्डावर घड्याळाला बॅटरी नाही, वीज गेली की तारीख मागे जाते, मग प्रमाणपत्र वैध नाही म्हणून डाउनलोड अडतं.

बंद करताना वायर ओढू नकोस. पॉवरऑफची आज्ञा दे किंवा पॉवरचं बटण एकदा दाबून सोड, सगळे दिवे विझेपर्यंत थांब, मग अडॅप्टर काढ. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर मेमरीवरची फाइलव्यवस्था बिघडते. तुमच्याकडे वीज वरचेवर जाते, त्यामुळे बोर्डावरचा प्रोग्राम रोज लॅपटॉपवर उतरवून ठेवत जा.

तुझ्या बाबाबरोबर पार्सल पाठवलंय. माझी ३.३ ची केबल आहे, काळ्या वायरीच्या टोकाला लाल नेलपेंटचा ठिपका लावलाय, तो बोर्डाच्या पांढऱ्या ठिपक्याशी जुळव. मीटर माझा जुनाच, बॅटरी नवी घातली आहे. शनिवारी संध्याकाळी फोन कर आणि पडद्यावर जे येईल ते मला एकेक ओळ वाचून दाखव.

आत्या