शहरातील शुश्रूषा निवास : पारख आणि निवड

भारतातील लोकसंख्येच्या वयोरचनेत वेगाने बदल होत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण २०.८ टक्क्यांवर, तर संख्या ३४.७ कोटींवर पोहोचण्याचा अंदाज आहे. त्याच वेळी शहरांतील घरे लहान होत आहेत, घरातील बहुतेक सर्व प्रौढ व्यक्ती नोकरी करीत आहेत आणि अनेक कुटुंबांतील मुले परगावी अथवा परदेशी स्थायिक झाली आहेत. अशा स्थितीत अंथरुणास खिळलेल्या किंवा स्मृती हरवत चाललेल्या वृद्धाची चोवीस तास शुश्रूषा करणाऱ्या निवासी केंद्रांची गरज वाढली आहे.

मात्र या केंद्रांची निवड बहुधा घाईत होते. पक्षाघात किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर रुग्णालयातून घरी सोडण्याची तारीख जवळ येते आणि दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. माहितीपत्रकातील छायाचित्रे, घरापासूनचे अंतर आणि मासिक शुल्क एवढ्यावरच तो घेतला जातो. या निर्णयावर वृद्ध व्यक्तीचे आरोग्य, तिची प्रतिष्ठा आणि कुटुंबाची आयुष्यभराची बचत अवलंबून असते. म्हणूनच निवडीचे निकष आधीच ठाऊक असणे हिताचे ठरते.

एक नाव, अनेक अर्थ

पहिला घोटाळा नावातच आहे. पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची जागा. आपल्याकडे त्याच नावाने छोटे खासगी रुग्णालय ओळखले जाते. रुग्णालय या अर्थाच्या नर्सिंग होमसाठी महाराष्ट्रात १९४९ चा, दिल्लीत १९५३ चा नोंदणी कायदा आहे. कर्नाटकात २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, तर काही राज्यांनी केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारला आहे. दुसरीकडे वृद्धाश्रम हा समाजकल्याणाचा विषय. निवास, भोजन आणि सोबत यांची व्यवस्था करणारा वृद्धाश्रम आणि नळीवाटे अन्न, जखमांची मलमपट्टी व औषधोपचार सांभाळणारे शुश्रूषा निवास यांत मोठे अंतर आहे. पण पाटीवर दोन्हींचे नाव अनेकदा सारखेच असते.

या अंतराची दखल घेणारी तरतूद करण्याचा प्रयत्न झाला होता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची तसेच घरपोच शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके त्यात प्रस्तावित होती. ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेची मुदत संपली. परिणामी, केंद्राची पारख करण्याचा बराच भार आजही कुटुंबावर पडतो.

गरजेचे मोजमाप

केंद्र पाहण्यापूर्वी वृद्धाची गरज निश्चित करावी. त्यासाठी वैद्यकशास्त्रात १९६३ पासून एक सोपी कसोटी वापरली जाते. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रियांपैकी कोणत्या क्रिया व्यक्ती स्वतंत्रपणे करू शकते, हे पाहायचे. सर्व क्रिया जमत असतील तर शुश्रूषा निवासाची गरजच नसावी. एक-दोनच क्रियांना आधार लागत असेल तर घरी मदतनीस ठेवणे किंवा दिवसभराचे देखभाल केंद्र पुरेसे ठरू शकते. तीन-चार क्रिया दुसऱ्यावर अवलंबून असतील आणि रात्रीही मदत लागत असेल, तेव्हा निवासी शुश्रूषेचा विचार योग्य होय. यासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आजार, औषधे, आहाराची पथ्ये आणि पडण्याचा धोका यांची लेखी नोंद घ्यावी. ही नोंद केंद्रचालकापुढे ठेवून ‘यातील कोणती गोष्ट येथे होणार नाही?’ असे विचारावे. सर्व काही होईल असे तत्काळ सांगणाऱ्यापेक्षा आपली मर्यादा स्पष्ट करणारा चालक अधिक विश्वासार्ह असतो.

कागदपत्रे आणि मनुष्यबळ

संस्था न्यास, सोसायटी की कंपनी आहे, तिच्याकडे कोणत्या कायद्याखालील नोंदणी आहे, अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे काय आणि जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट कशी लावली जाते, ही कागदपत्रे प्रत्यक्ष पाहावीत. मनोविकार असलेल्या व्यक्तींना ठेवणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार नोंदणी आवश्यक असते.

शुश्रूषेचा दर्जा मुख्यतः माणसांवर ठरतो. आपल्याकडे गणवेशातील प्रत्येक स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणण्याची रीत असल्याने प्रशिक्षित परिचारिका आणि मदतनीस यांतील फरक झाकला जातो. परिचारिकेने मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो आणि तिची राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. मदतनिसाचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असते. अनेकदा तेही नसते. इंजेक्शन देणे, मूत्रनलिका बदलणे, नळीवाटे अन्न देण्याची व्यवस्था सांभाळणे ही कामे परिचारिकेचीच होत. म्हणून एकूण कर्मचारी किती हे न विचारता, रात्री दोन वाजता किती रहिवाशांमागे किती कर्मचारी जागे असतात आणि त्यांत नोंदणीकृत परिचारिका आहे काय, हे विचारावे. कर्मचारी किती काळ टिकतात, हेही महत्त्वाचे आहे. दर महिन्याला बदलणाऱ्या हातांना रहिवाशाच्या सवयी कळत नाहीत आणि आजाराची पहिली लक्षणे नजरेतून सुटतात.

प्रत्यक्ष पाहणी

भेट दोनदा द्यावी : एकदा वेळ ठरवून आणि एकदा न कळवता, शक्यतो जेवणाच्या वेळी किंवा रविवारी सायंकाळी. चकचकीत स्वागतकक्षापेक्षा पुढील गोष्टी अधिक सांगून जातात.

पहिली गोष्ट शय्याव्रणांची. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा माकडहाड, टाचा आणि खुब्याजवळील त्वचेचा रक्तपुरवठा दबून जखमा होतात. कूस बदलल्याची तक्त्यातील नोंद पाहावी. दिवसभराच्या सर्व नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने आणि पुढील वेळेच्याही भरलेल्या आढळल्यास तो तक्ता केवळ दाखविण्यासाठी आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट अन्नपाण्याची. रहिवाशाचे वजन दरमहा घेतले जाते काय, हे विचारावे. एका महिन्यात पाच टक्के घट होणे ही धोक्याची सूचना मानली जाते. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे काय, भरविणारी व्यक्ती बसून सावकाश भरवते की उभ्याने घाईने, हे पाहावे. घाईने भरविलेला घास श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

तिसरी गोष्ट बंधनांची. रहिवाशांचे हात पलंगाला बांधलेले असणे किंवा भरदिवसा सर्वजण गुंगीत असणे, हे मनुष्यबळाच्या टंचाईचे लक्षण असू शकते. ‘अस्वस्थ रहिवाशाला तुम्ही कसे शांत करता?’ या प्रश्नाच्या उत्तरातून संस्थेची वृत्ती कळते.

चौथी गोष्ट इमारतीची. चाकांच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि उताराचे प्रमाण १:१२ असावे. न्हाणीघरात आधारदांडे, न घसरणारी फरशी, पलंगाजवळ घंटी आणि रात्री मंद दिवा हवा. आगीच्या वेळी वरच्या मजल्यावरील अंथरुणास खिळलेल्यांना खाली कसे आणणार, याचा सराव झाला आहे काय, हे अवश्य विचारावे. निवासासाठी बांधलेल्या बंगल्यात किंवा सदनिकेत चालणाऱ्या केंद्रांबाबत हा प्रश्न विशेष गंभीर आहे.

स्मृतिभ्रंश आणि भाषा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. अशा व्यक्तींसाठी सुरक्षित आवार, ठरलेला दिनक्रम, परिचित वस्तू आणि विशेष प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी लागतात. भाषेचा मुद्दाही येथे निर्णायक ठरतो. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरते आणि मातृभाषा अधिक काळ टिकते. बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीतील केंद्रात राहणाऱ्या मराठी आजींना ‘तहान लागली’, ‘दुखतंय’ हे सांगता येईल आणि ते समजणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक पाळीत असेल काय, हे पाहणे ही सोय नसून शुश्रूषेचाच भाग आहे.

करार आणि खर्च

मासिक शुल्कात काय अंतर्भूत आहे, याची लेखी यादी घ्यावी. औषधे, डायपर, मलमपट्टीचे साहित्य, व्यायामोपचार, डॉक्टरांची भेट आणि रुग्णवाहिका यांचे शुल्क वेगळे असल्यास प्रत्यक्ष खर्च जाहीर आकड्यापेक्षा बराच वाढतो. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, रुग्णालयात दाखल असलेल्या काळात शुल्क किती आकारले जाईल, वार्षिक वाढ किती आणि कोणत्या कारणास्तव रहिवाशाला केंद्र सोडण्यास सांगितले जाऊ शकते, ही कलमे बारकाईने वाचावीत. आयुष्मान भारत योजनेतून ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता प्रतिवर्षी कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, निवासी शुश्रूषेसाठी नाही. हा भेद लक्षात घेऊनच आर्थिक नियोजन करावे.

दाखल केल्यानंतर

निवड ही एका दिवसात संपणारी गोष्ट नव्हे. शक्य असल्यास प्रथम महिनाभराचे तात्पुरते वास्तव्य ठरवावे. त्यानंतरही भेटींच्या वेळा बदलत्या ठेवाव्यात. त्वचा, वजन, नखे, दात आणि मनःस्थिती यांकडे लक्ष द्यावे. ज्या रहिवाशाकडे नियमित कोणी येते, त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचेही लक्ष अधिक राहते. परगावी असलेल्या मुलांनी शहरातील एका नातेवाइकावर किंवा स्नेह्यावर ही जबाबदारी स्पष्टपणे सोपवावी. तक्रार प्रथम संस्थेकडे लेखी द्यावी. दाद न मिळाल्यास ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ उपलब्ध आहे. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचे मत त्या वृद्ध व्यक्तीचे आहे. तिला केंद्र दाखवावे, पर्याय समजावून सांगावेत, आणि ‘थोड्या दिवसांसाठी’ असे खोटे सांगून दाखल करू नये. विश्वास तुटल्याने येणारे नैराश्य उत्तम शुश्रूषेनेही सहज भरून निघत नाही. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली. शुश्रूषा निवासांच्या नोंदणीची, मानकांची आणि नियमित तपासणीची व्यवस्था हे त्यापुढील पाऊल असले पाहिजे. तोपर्यंत नोंदी मागणारी, प्रश्न विचारणारी आणि न कळवता भेट देणारी जागरूक कुटुंबे हाच या क्षेत्रावरील सर्वांत प्रभावी अंकुश राहील.