मुक्कामांची वही

शास्त्रपाठ : गणना 33:1-49, स्तोत्र 77

गणनाचा तेहेतिसावा अध्याय आपल्या उपासनेत सहसा वाचला जात नाही. वाचलाच तर वाचणारा नावांना अडखळतो आणि ऐकणारे घड्याळाकडे पाहतात. अमक्या ठिकाणाहून निघाले, तमक्या ठिकाणी तळ दिला. पुन्हा निघाले, पुन्हा तळ दिला. रामसेसपासून मवाबाच्या मैदानापर्यंत अशी चाळीसहून अधिक नावे आहेत. परंतु दुसरे वचन थोडे थांबून वाचावे. ही यादी मोशेने हौसेने केलेली नाही. प्रवासाचे टप्पे त्याने परमेश्वराच्या आज्ञेवरून लिहून ठेवले असे तेथे सांगितले आहे.

त्याने काय लिहिले हेही पाहण्यासारखे आहे. एलीम येथे बारा झरे आणि सत्तर खजुरी होत्या, हे लिहिले. रफीदीम येथे प्यायला पाणी नव्हते, हेही लिहिले. होर डोंगरावर अहरोन मरण पावला; चाळिसावे वर्ष, पाचवा महिना, पहिला दिवस, वय एकशे तेवीस. सख्खा भाऊ गेला, पण रडण्याबद्दल एक शब्द नाही. सीनायच्या रानाचे तर नुसते नाव आहे. सोन्याच्या वासराचा उल्लेखही नाही. जो तेथे होता त्याला त्या नावाखाली काय दडले आहे ते ठाऊक होते.

आत्मिक दैनंदिनी म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना धडकी भरते. सुंदर प्रार्थना लिहिता आल्या पाहिजेत, रोज काही नवे ज्ञान झाले पाहिजे, असे वाटते. जॉन वेस्ली यांची छापील रोजनिशी 1735 सालापासून पुढे पन्नासहून अधिक वर्षांची आहे. 24 मे 1738 च्या संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात काय झाले ते त्यांनी वेळेसह नोंदविले. अशी उदाहरणे ऐकली की सामान्य माणूस लेखणी खाली ठेवतो. मात्र याच वेस्लींच्या खाजगी वह्या निराळ्या होत्या. त्या लघुलिपीत आणि सांकेतिक अक्षरांत असत. एक वही लोकांसाठी, दुसरी स्वतःसाठी व देवासाठी. आम्ही येथे बोलत आहो ते या दुसऱ्या वहीविषयी.

अशी एक वही आम्ही आदिलाबादेस पाहिली. त्या भागातील मराठी कुटुंबांची स्थिती वाचकांना ठाऊक असेलच. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजोबांच्या कागदपत्रांत निजामाच्या काळची उर्दू, आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी. जिल्हा 1956 साली आंध्र प्रदेशात गेला, 2014 पासून तेलंगणात आहे. पैनगंगा उतरले की महाराष्ट्र. मंडळीतील एक वृद्ध भगिनी निवर्तल्या. त्यांच्या पेटीत कापसाच्या हिशेबाची जुनी वही सापडली. कोऱ्या राहिलेल्या पानांवर बाईंनी वर्षानुवर्षे रोज दोन ओळी लिहिल्या होत्या. नातवंडे तेलुगू व इंग्रजी शिकलेली, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. त्यांनी ती वही आमच्या हाती देऊन म्हटले, "काका, आजीनं काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना."

आम्ही वाचू लागलो. "कापूस ओला. भाव पडला. प्रार्थना केली." "धाकट्याला ताप. रात्र जागले." मग एक ओळ वारंवार येऊ लागली : "बहिणीचे नाव घेतले नाही." प्रार्थनेत घेतले नाही, असा तिचा अर्थ. भांडण कशाचे होते ते कोठेही लिहिलेले नव्हते. ही ओळ सुमारे चार वर्षे आहे. नंतर "नाव घेतले" असे दिसते, मग पुन्हा कित्येक दिवस नाही. आणि एका पानावर एवढेच : "नदी उतरून तिच्याकडे गेले. जेवले."

अशा ठिकाणी पुढचे वाचावे की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे होता. बाईंनी ते आमच्यासाठी लिहिलेले नव्हते. डेव्हिड ब्रेनर्ड या मिशनऱ्याने आपल्या सुरुवातीच्या दैनंदिनीचा मोठा भाग नष्ट करविला होता. जो उरला तो त्याच्या मरणानंतर, 1749 साली, जोनाथन एडवर्ड्स यांनी छापला आणि पुढे हेन्री मार्टिनसारख्यांना त्यातून हिंदुस्थानात येण्याची प्रेरणा मिळाली. तेव्हा दोन्ही बाजूंना काही म्हणता येईल. आम्ही वही मिटली आणि नातवंडांना सांगितले, मराठी अक्षरे शिका आणि उरलेले तुम्हीच वाचा. वाचायचे की नाही तेही तुम्हीच ठरवा. थोरलीने बाराखडीचे पुस्तक आणले आहे असे कळते.

त्या वहीत लिहिणारीने स्वतःला फसविले नव्हते. नाव घेतले नाही, तर नाही असेच लिहिले. तेच जर तिने "बहिणीसाठी प्रार्थना केली" असे रोज सजवून लिहिले असते, तर नदी उतरण्याची पाळी कदाचित आलीच नसती. दैनंदिनीचा खरा धोका हाच आहे. माणूस देवासमोर बसून आपलेच प्रशस्तिपत्र लिहू लागतो. दुसरा धोका उलट बाजूचा आहे. मार्टिनच्या रोजनिशीत स्वतःला दोष देणे इतके आहे की वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो. ज्यांचा स्वभाव आधीच खिन्न आहे त्यांनी एलीमच्या खजुरीही मोजून लिहाव्या.

लिहिणे जितके महत्त्वाचे तितकेच मागे जाऊन वाचणे. स्तोत्र 77 चा कर्ता रात्री झोपू शकत नाही; देव दया करावयाचे विसरला काय, असे विचारतो. उत्तर त्याला त्या रात्रीत सापडत नाही. तो पूर्वीच्या कृत्यांची आठवण करू लागतो, तेव्हा सूर पालटतो. आठवण मात्र फसवी असते. गेल्या पावसाळ्यात आपण कशासाठी विनवीत होतो ते आज किती जणांना सांगता येईल?

आपले शिक्षण कमी आहे ही सबब आम्हाला पटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. तरी 'स्मृतिचित्रे' त्यांच्या हातून झाले, आणि तेही बोलतात तशा भाषेत. वही हरवली वा कोणी फाडली तर यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचावा. यहोयाकीम राजाने गुंडाळी तुकड्या-तुकड्यांनी जाळली, आणि बारूख पुन्हा पहिल्यापासून लिहावयास बसला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. येत्या रविवारी वरच्या वर्गातील मुलांना पाच मिनिटे द्यावी. आठवड्यातील एक एलीम व एक रफीदीम त्यांनी लिहावे, ज्या भाषेत ती झोपताना प्रार्थना करतात त्या भाषेत. शुद्धलेखन तपासू नये. कागद गोळा करू नये. दर रविवारी असे करून महिन्याने पहिला कागद त्यांचा त्यांनाच वाचावयास सांगावा, आणि वर्गात कोणी काही बोलले नाही तर तसेच घरी जाऊ द्यावे.