दाराशी जाणारा बंधू

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:१५-१८. जोडवाचन : याकोब ५:१६, इब्री १०:२४-२५.

मंडळीतील पुरुष आठवड्यातून एकदा प्रार्थनेस जमतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या मेळ्याची खरी परीक्षा एखादा बंधू येत नाही त्या दिवशी होते. पाऊस दगा देतो, सावकाराचे देणे वाढते, किंवा सोडलेली दारू पुन्हा जवळ येते. मग मनुष्य लाजेने मागे बसू लागतो आणि पुढे येईनासा होतो. आपण म्हणतो, "तो थंड पडला." एवढे म्हटल्याने आपले कर्तव्य संपते काय?

१. अनेसिफराचा शोध. पौल रोम शहरी बंदीत होता, आणि आसियातील पुष्कळांनी त्याकडे पाठ फिरविली होती. अशा वेळी, ज्याने पूर्वी इफिस येथे पुष्कळ सेवा केली होती, तो अनेसिफर रोमास आला. बेडी पडलेल्या मनुष्याशी ओळख दाखविण्यास त्यास लाज वाटली नाही. एवढ्या मोठ्या नगरात त्याने चौकशी करून पौलास गाठले व त्याच्या जिवास विसावा दिला. बंदिवानास आपण होऊन मित्राकडे जाता येत नव्हते, म्हणून मित्रास त्याच्याकडे जावे लागले. जो लाजेने बांधला गेला तोही बंदिवानच आहे. "तो का येत नाही?" हा प्रश्न देवळात बसून करण्याचा नव्हे, तो त्याच्या दाराशी जाऊन करण्याचा आहे.

२. ब्रिस्टल येथील उदाहरण. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांच्या अनुयायांनी सभागृह बांधिले होते, व त्याचे कर्ज फिटले नव्हते. १७४२ साली त्याचा विचार करण्यास सभा भरली. प्रत्येकाने दर आठवड्यास एक पेनी, म्हणजे एक लहानसे नाणे, द्यावी अशी सूचना निघाली. गरिबांस तेही जमणार नाही, अशी हरकत कोणी घेतली. तेव्हा सूचना करणारे कॅप्टन फॉय यांनी अत्यंत गरीब असे अकरा जण आपल्याकडे मागून घेतले. दर आठवड्यास आपण त्यांस भेटू, आणि ज्यास देववणार नाही त्याची पेनी आपण भरू, असे त्यांनी कबूल केले. इतरांनीही तसेच केले.

याप्रमाणे वर्गणीसाठी लोक घरोघर जाऊ लागले, तेव्हा घरातील खरी स्थिती त्यांच्या दृष्टीस पडली. कोणाचे आचरण बिघडले होते, हेही कळून आले. वेस्ली यांनी यात मोठी सोय ओळखिली. पुढे घरोघर जाण्याऐवजी हे लहान मेळे दर आठवड्यास एकत्र बसू लागले. त्यांस 'क्लास' म्हणत. त्यांत स्त्रीपुरुष दोघेही असत. यांहून लहान असे पुरुषांचे वेगळे व स्त्रियांचे वेगळे मेळेही होते. तेथे याकोबाच्या शिक्षणाप्रमाणे दोष परस्परांजवळ उघड करून प्रार्थना करीत. आरंभ पैशासाठी झाला खरा, परंतु पैशासाठी दाराशी गेलेल्या मनुष्यास तेथे आपला बंधू दिसला.

३. आपल्या गावी काय करावे?

(अ) मेळा दहाबारा पुरुषांहून मोठा नसावा. ज्यास वाचता येत नाही त्यासही बोलण्यास वेळ मिळाला पाहिजे.

(आ) उपदेश थोडा व विचारपूस अधिक असावी. "भाऊ, हा आठवडा कसा गेला?" असे प्रत्येकास विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकावे.

(इ) तेथे ऐकलेले चावडीवर किंवा घरीही बोलू नये. गुप्त गोष्ट एकदा फुटली की पुन्हा कोणी मन मोकळे करणार नाही.

(ई) जो आला नाही त्याच्याकडे दुसऱ्याच दिवशी दोघांनी जावे. गेल्याबरोबर बोध करू नये. तो शेतात असेल तर कामास हात लावावा. देण्याचा कागद त्यास वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. जे देववणार नाही त्याचे वचन देऊ नये. त्याने दार लाविले तरी रागावू नये, पुन्हा जावे.

उपदेशक बंधूंनो, शेवटी एक गोष्ट ध्यानात धरा. पौल प्रेषित होता, अनेक मंडळ्यांचा शिक्षक होता, तरी त्यासही अनेसिफराची गरज पडली. जो सर्वांच्या दाराशी जातो त्याच्या दाराशी कोण जातो? आपल्या मेळ्यात तुम्हीही आपले ओझे सांगत जा. जो केवळ इतरांची विचारपूस करितो व स्वतःचे काही कळू देत नाही, तो अधिकारी होईल, मित्र होणार नाही.

मननार्थ प्रश्न

१. आपल्या मेळ्यात कोण येईनासा झाला आहे? त्याच्याकडे कोणते दोघे जातील?

२. पेनी भरण्यास फॉय तयार झाले. बंधूसाठी मी काय सोसण्यास तयार आहे?

३. माझी खरी स्थिती ज्यास ठाऊक आहे असा एक तरी बंधू मला आहे काय?